मिल थांबली तेव्हा

१

हंबीररावांचं प्रेत उचलायला दुपार टळली, कारण सांडलेलं लोखंड निवल्याशिवाय कुणाला जवळच जाता येत नव्हतं.

फौजदार संयोगिता इंगवले फाउंड्रीत पोचली तेव्हा वाळूवर लोखंडाचा काळा पापुद्रा धरला होता आणि बुटातूनही तळव्यांना धग लागत होती. १९९९ चा डिसेंबर. उसाचा हंगाम सुरू होता. साखर कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी पार हातकणंगले रस्त्यापर्यंत उडून येत होती, शेडच्या पत्र्यावर आणि माणसांच्या खांद्यांवर बसत होती. ऊन असूनही सगळं मळकट दिसत होतं.

गुरुपाद आप्पांच्या या फाउंड्रीत पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले जायचे. भट्टीत लोखंड वितळवायचं, ते मोठ्या हंड्यात घ्यायचं, हंडा छताखालून धावणाऱ्या क्रेनला टांगायचा आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला मांडलेल्या वाळूच्या साच्यांपर्यंत न्यायचा. हंबीरराव साचेखात्याचे फोरमन होते. सकाळच्या ओतणीच्या वेळी ते हंड्याच्या वाटेत, पाठमोरे, वाकून उभे होते. वरचा क्रेनचा गाडा एकदम थांबला, काठोकाठ भरलेला हंडा हिसक्यानं पुढं झुलला आणि लोखंड त्यांच्या पाठीवर आलं.

फाटकाशी कामगार जमले होते. कुणीतरी ओरडलं, "कम्प्युटरनं माणूस खाल्ला!" मग तेच सगळे म्हणू लागले.

क्रेन वर्षभरापासून एका यंत्राच्या ताब्यात होती. कामगार त्याला 'खोकं' म्हणायचे. ते बनवलं होतं अमरेशनं. तो गुरुपाद आप्पांच्या बहिणीचा मुलगा, तिशीतला इंजिनिअर. आत्ता तो एका उलट्या पाटीवर बसला होता आणि त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

कपाळावरची विभूती घामानं ओघळलेले गुरुपाद आप्पा पुढं आले. "बाईसाहेब, हंबीर आणि मी एका पाटीवर वाळू वाहिलीय. ते खोकं आजच्या आज उपटून भट्टीत घालतो मी."

"आप्पा, आज इथल्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही," संयोगिता म्हणाली.

तेवढ्यात लोखंडी शिडी वाजली. क्रेनच्या केबिनमधून एक उंच, वाळकुडा माणूस खाली उतरत होता. इतका वेळ तो वरच बसून होता. क्रेन ऑपरेटर केरबा. गर्दी बाजूला झाली. तो सरळ संयोगितासमोर येऊन उभा राहिला आणि दोन्ही मनगटं पुढं केली.

"खोक्याला कशाला बोल लावता, मॅडम? मला न्या. माझ्या हातनं झालंय."

२

चौकीत केरबानं चहाला हात लावला नाही. त्यानं जबाब असा सांगितला, जणू पाठ करून आला होता.

"सकाळी मी खोकं बंद केलं. म्हनलं, आज आपल्या हातानं चालवू. सवय मोडलेली. हंडा झुलला. हंबीरराव खाली हुता. संपलं."

"खोकं बंद का केलंत?"

"राग हुता. जिंदगी क्रेनवर काढली आन् आता नुसतं बटन दाबायचं. पोरं हसत्यात."

"हंबीरराव वाटेत आहेत हे दिसलं तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग काय केलंत?"

केरबा क्षणभर अडखळला. "ब्रेक मारला. एकदम."

हवालदार गुंडू लिहून घेत होता. त्याचं पेन थांबलं. तो स्वतः कागलकडचा, केरबाच्या शेजारच्या गावचा. "मॅडम," तो मराठी शाळेतल्या पोरासारखा हात वर करून म्हणाला, "ह्यो माणूस एकदम ब्रेक मारनारा न्हाय. गावच्या यात्रंत रथाची दोरी ह्योच धरतोय, का तर कळस हलू नये म्हनून."

"गुंडू, तू गप ऱ्हा," केरबा खेकसला.

संयोगितानं त्याच्याकडे पाहिलं. आरोपी सहसा हवालदाराला गप्प बसवतो तो स्वतःला वाचवण्यासाठी. हा माणूस स्वतःला अडकवण्यासाठी गप्प बसवत होता. तिनं त्याला कोठडीत ठेवलं, पण गुन्हा त्याच्या नावावर चढवला नाही.

३

दुसऱ्या दिवशी ती आपण कालच लावलेलं सील काढून अमरेशला घेऊन कंट्रोलच्या खोलीत गेली. शेडच्या कोपऱ्यात दुहेरी काचेची लहानशी खोली, आत एसी. बाहेर वाळू मळायची मिल सुरू होती. तिचे दोन अवजड, दगडी चाकांसारखे रूळ अख्खी शेड हादरवत होते. अमरेशनं दार ओढलं आणि तो सगळा गडगडाट कापल्यासारखा बंद झाला.

"इथं काहीच ऐकू येत नाही की!" संयोगिता म्हणाली.

"यंत्राला धूळ चालत नाही, म्हणून खोली घट्ट केलीय. दार लावलं की बाहेर बाँब फुटला तरी कळत नाही." त्याचे डोळे सुजलेले होते. "काल मी इथंच होतो. लोक पळताना दिसले म्हणून बाहेर आलो."

"मला हे यंत्र समजावून सांगा. मी आर्ट्‌सची आहे, त्या हिशोबानं."

तो कसनुसा हसला. पण बोलायला लागल्यावर त्याचा आवाज हळूहळू वर आला.

"साध्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात. हो किंवा नाही. समजा त्याला सांगितलं, वीस फुटांच्या आत म्हणजे जवळ. मग वीस फूट एक इंचावर ते म्हणणार लांब, आणि दोन इंच पुढं गेलं की एकदम म्हणणार जवळ. तिथं ते दचकून ब्रेक मारणार. माणूस असा विचार करतो का? केरबामामा काय म्हणतात? 'बऱ्यापैकी लांब हाय, पर जरा जवळ यायला लागलंय, तवा जरा हात आखडता घ्या.' एकाच वेळी थोडं लांब आणि थोडं जवळ. याला फझी लॉजिक म्हणतात. जपानात आगगाड्या चालतात यावर, धुलाईची मशीनं चालतात. मी कित्येक महिने केरबामामांच्या केबिनमध्ये बसलो. त्यांचं 'जरा' म्हणजे किती, 'लई' म्हणजे किती, 'बऱ्यापैकी' म्हणजे किती, ते मोजलं आणि त्याचे नियम केले. हंडा बराच झुलत असेल आणि साचा लांब असेल, तर वेग थोडा कमी. हंडा पुढं झुकत असेल तर थांबायचं नाही, त्याच्यामागं जरा सरकायचं, म्हणजे झोका मरतो."

"आणि वाटेत माणूस आला तर?"

अमरेशनं काचेबाहेरच्या क्रेनकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याचाही नियम आहे. गाड्याला पुढं बघणारे डोळे लावलेत. वाटेत काही दिसलं की यंत्र वेग ओसरवत आणतं आणि हातभर अलीकडं थांबतं. वाळूच्या पोत्यांवर कितीदा तरी करून बघितलंय. फक्त ते इतकं हळूहळू वेग कमी करतं, की बघणाऱ्याला वाटतं ते थांबतच नाहीये."

"मग काल का थांबलं नाही?"

"मला माहीत नाही!" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रात्रभर घरी कागदांवर तेच शोधतोय. नियम बरोबर आहेत. सगळं बरोबर आहे. आणि तरी... हंबीरकाका 'अगं आई गं' म्हणाले ना, ते कानातून जात नाही माझ्या."

"केरबा म्हणतो, यंत्र त्यानं बंद केलं होतं."

अमरेशनं हात खाली घेतले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सुटकेचा आनंद त्यावर नव्हता. दुसरंच काहीतरी होतं.

"केरबामामा असं म्हणाले?"

४

संशयाला जागा आणखीही होती. प्रॉडक्शन मॅनेजर उदयसिंह आणि हंबीरराव यांचं काल सकाळीच कडाक्याचं भांडण झालं होतं. सगळ्या शेडनं ते पाहिलं होतं.

उदयसिंहनं ते नाकारलं नाही. पिळदार, कपाळावर आठी घेऊनच जन्मल्यासारखा माणूस. "झालं भांडण. बारीक भोकं पडलेला माल मी पास करा म्हटलं, तो फोडून टाकतो म्हणाला. रोजचं होतं ते."

"ओतणी सुरू असताना हंबीरराव वाटेत कशाला गेले?"

"मीच पाठवलं." तो तिच्या नजरेला नजर देत म्हणाला. "एका साच्याचा कोपरा ढासळला होता. म्हटलं, बघून घ्या. हंडा निघायला वेळ होता तेव्हा. मग मी ऑफिसात आप्पांकडं गेलो."

"हंडा सुटायच्या आधी परत यायला सांगायला कुणी नव्हतं?"

"बाई, इथं मिल चालू असताना कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तर आम्ही हातवारे करून बोलतो. हंबीररावाची पाठ होती. कोण कसं सांगणार?"

"क्रेन तातडीनं थांबवायची असेल तर?"

"दोन लाल बटणं आहेत. एक वर केबिनमध्ये, त्यानं फक्त क्रेन थांबते. दुसरं खाली मधल्या खांबावर. ते दाबलं की या शेडमधली सगळी मशीनं मरतात. क्रेन, मिल, पट्टा, सगळं. दिवे आणि भट्टी तेवढी चालू राहते. बटण दाबलं की आतच अडकतं. पिळून सोडवलं तरच बाहेर येतं."

संयोगिता त्या खांबाजवळ जाऊन आली. बटण बाहेर होतं. खांबाच्या भट्टीकडच्या बाजूला साच्यांच्या रिकाम्या लोखंडी पेट्यांची पुरुषभर उंच थप्पी होती. ओतणीच्या वेळी कामगार सुरक्षित अंतरावर भट्टीपाशी उभे राहतात, तिथून खांब दिसत नव्हता. तो दिसत होता फक्त वरून, केबिनमधून.

गुरुपाद आप्पांनी उदयसिंहच्या म्हणण्याला दुजोरा दिला. दोघं ऑफिसात होते. पण ऑफिसातले तेव्हा तेच दोघे, दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं. फाउंड्रीचं नाव वाचवायला मालकानं मॅनेजरसाठी साक्ष द्यावी, हे काही अशक्य नव्हतं.

शेवटी ती मिलपाशी वाळूच्या पाट्या ओतणाऱ्या चिमणाबाईकडे गेली. बाईनं मिल बंद करायला लावली, मगच तोंड उघडलं.

"म्या काय बघितलं न्हाय, बाई. माझी पाठ हुती. वरडनं ऐकलं आन् फिरले. 'अगं आई गं' म्हनला ओ त्यो. एवढा दांडगा गडी." तिनं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या ध्यानात ऱ्हाईल ते मरूस्तवर."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"समद्यांनी. भट्टीवरच्यांनी बी."

संयोगितानं मान हलवली आणि ती जीपकडे निघाली. मागं चिमणाबाईनं मिल सुरू केली. जीपपाशी उभा असलेला गुंडू तिला काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते. एक शब्दही ऐकू येत नव्हता.

ती जागच्या जागी थांबली. मग वळून धावत परत आली.

५

"मिल बंद करा!" तिनं हातानंच खूण केली. "चिमणाबाई, काल तुम्ही ओरडणं ऐकलंत, तेव्हा मिल चालू होती?"

"चालू असंल की..." म्हातारी बोलता बोलता थांबली. "न्हाय. थांबलीवती. माझ्या हातात पाटी हुती, आन् मिल आपली गप झाली. म्हनलं, गेली लाईट. रोजचंच हाय. तेवढ्यात त्यो वरडला."

"लाईट गेली, तर दिवेही गेले असतील?"

चिमणाबाईनं छताकडे पाहिलं, जणू कालचे दिवे अजून तिथं असतील.

"न्हाय ओ," ती हळूच म्हणाली. "दिवं हुतं."

संयोगिता साच्याच्या एका रिकाम्या पेटीवर बसली. अख्ख्या कारखान्यानं ती किंकाळी ऐकली होती आणि ती ऐकूच कशी आली, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. केरबा म्हणत होता, मी केबिनमधून ब्रेक मारला. तसं असतं, किंवा त्यानं केबिनमधलं बटण दाबलं असतं, तर क्रेन थांबली असती आणि मिल गडगडत राहिली असती. हंबीरराव ओरडून ओरडून मेले असते, तरी भट्टीपर्यंत ते पोचलं नसतं. मिल थांबली, याचा अर्थ खांबावरचं बटण दाबलं गेलं होतं. ते दाबणारा जमिनीवर उभा होता. नंतर त्यानं ते पिळून सोडवलंही होतं. आणि केरबानं वरून त्याला पाहिलं होतं.

क्रेनचा गाडा हिसक्यानं थांबला तो त्या बटणामुळंच. हंडा झुलला तोही त्यामुळंच.

मग आणखी एक गोष्ट तिला आठवली. दार लावलं की बाहेर बाँब फुटला तरी कळत नाही, असं अमरेशच म्हणाला होता. आणि हंबीररावांचे शेवटचे शब्दही त्यानंच सांगितले होते. ते त्याला कुणी नंतर सांगितले असतील, असं म्हणायला जागा होती. पण कुणी सांगितलेली गोष्ट माणसाच्या कानात अशी बसत नाही.

ती चौकीत परतली आणि कोठडीच्या गजांपाशी उभी राहिली.

"केरबा, खांबापाशी कोण होतं?"

म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला. "कोन न्हाय."

"ज्यानं दाबलं, त्यानं मुद्दाम दाबलं का?"

केरबानं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं.

बाहेर गुंडू म्हणाला, "मॅडम, अमरेशला आनू का धरून? दोन फटक्यात कबूल हुईल."

"काय कबूल होईल? बटण दाबलं एवढंच. हंडा कसा झुलतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नेमकं केव्हा दाबलं की लोखंड सांडेल, हे तोच सांगू शकतो. म्हणजे तो थंड डोक्याचा खुनी असू शकतो. किंवा घाबरलेला माणूस असू शकतो. आणि आप्पांनी आणि उदयसिंहनं एकमेकांना झाकलं असेल, तर दाबणारा त्या दोघांतलाच कुणी असू शकतो." ती खुर्चीत बसली. "गुंडू, तुला पोहता येतं का?"

"येतंय की. का ओ?"

"उद्या भिजायचंय तुला."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये कामगार नव्हते. हंड्यात लोखंडाऐवजी पाणी भरलं होतं, काठोकाठ. केरबाला आणून केबिनमध्ये बसवलं होतं. संयोगितानं त्याला एकच गोष्ट सांगितली होती, यंत्र सुरू करायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. कंट्रोलच्या खोलीला अपघाताच्या दिवसापासून तिचं सील होतं. यंत्रात कुणी काही बदललेलं नव्हतं.

गुरुपाद आप्पा, उदयसिंह आणि अमरेश या तिघांना तिनं खांबाच्या आसपास उभं केलं होतं. तिघांनाही तिथून बटण सारखंच जवळ होतं.

"वाटेत वाळूची पोती ठेवणार आहोत," ती म्हणाली. "यंत्र थांबतं का बघू. कुणी मधे पडायचं नाही."

मिल सुरू झाली. शेड हादरू लागली. बोलणं संपलं.

हंडा निघाला. तो निघाला तेव्हा पाण्याला सुरकुतीसुद्धा पडली नाही. वेग वाढत गेला, इतका बेमालूम की हंडा वेगात आहे हे मागं पडणाऱ्या खांबांवरूनच कळत होतं. आणि तेव्हा, ठरल्याप्रमाणे, थप्पीमागून गुंडू बाहेर आला. पोत्यांच्या जागी, वाटेच्या मधोमध, हंड्याकडे पाठ करून तो वाकून उभा राहिला.

संयोगितानं रात्री पुन्हा पुन्हा मनाशी घोकलं होतं. ज्यानं मारायला बटण दाबलं, तो आज दाबणार नाही. तो हात बांधून उभा राहील. ज्यानं वाचवायला दाबलं, त्याला हात आवरणार नाही.

उदयसिंह जागच्या जागी ताठ झाला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. हंडा पुढं येत होता. गुंडूची खाकी पाठ हलत नव्हती. हंडा थांबत नव्हता. स्वतः संयोगिताचाच हात पुढं झाला.

अमरेशनं उडी मारली आणि तळहात बटणावर आपटला.

मिल थांबली. वरचा गाडा करकरत जाग्यावर खिळला आणि हंडा, ज्याला कुणीच सांगितलं नव्हतं थांबायला, तो पुढं झुलला. पाण्याचा लोट गुंडूच्या पाठीवर फुटला. गुंडू तोंडावर पडला.

शांततेत फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज होता. सगळे अमरेशकडे पाहत होते. त्याचा तळहात अजून बटणावर होता.

"तो थांबत नव्हता," तो म्हणाला. "तुम्ही बघितलंत ना? आजपण थांबत नव्हता. त्या दिवशी मी दार उघडून बाहेर आलो, तर हंबीरकाका वाटेत. तो थांबत नव्हता म्हणून मी... मला वाटलं मला उशीर झाला. यंत्र चुकलं आणि मला उशीर झाला."

"मग सांगितलं का नाहीस?" गुरुपाद आप्पांचा आवाज फाटला. "केरबाला कोठडीत बसवून गप्प राहिलास?"

उत्तर वरून आलं. केरबा शिडीच्या मधल्या पायरीवर उभा होता.

"मी वरनं त्याचं तोंड बघितलंय, आप्पा. वाचवायलाच दाबलं त्यानं. पर मला वरनं दिसत हुतं, हंड्याचा वेग वसरायला लागलावता." त्यानं संयोगिताकडे पाहिलं. "मॅडम, कलम लावताना तुमी 'जरासा गुन्हा' असं लिवता व्हय? न्हाय लिवत. म्हनून म्हनलं, माझं तोंड पुढं करावं. माझं काय ऱ्हायलंय आता?"

ओसरायला लागला होता. अमरेशनं तो शब्द ऐकला. त्यानं मान वळवून केरबाकडे पाहिलं आणि संयोगिताला कळलं, की हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिच्या मनात आलं, इथंच थांबावं. गुन्ह्याचा उलगडा झाला होता. पण खोकं माणूस खातं, ही बोंब तशीच राहिली असती, आणि हंबीरराव कशानं मेले याचं उत्तर अर्धंच.

"पाणी भरा," ती म्हणाली. "गुंडू, परत उभा राहा."

गुंडूनं ओल्या शर्टानं तोंड पुसलं. "मॅडम, पोरंबाळं हायत मला," असं पुटपुटला, आणि जाऊन उभा राहिला.

या वेळी गुरुपाद आप्पांनी भाच्याचं मनगट दोन्ही हातांत धरून ठेवलं. बटण सोडवलं. मिल गडगडू लागली. हंडा निघाला, वेगात आला, गुंडूच्या दिशेनं येतच राहिला. तो थांबतो आहे असं कुठल्याच क्षणी वाटलं नाही. अमरेशनं एकदा हात हिसकला, मग आप्पांच्या अंगावर रेलला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की हंडा बराच वेळ झाला तिथंच उभा आहे. गुंडूच्या पाठीपासून हातभर अलीकडं. काठोकाठच्या पाण्यात छताचे पत्रे स्पष्ट दिसत होते.

अमरेश खाली बसला. मिलच्या आवाजात तो काय म्हणाला, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

७

निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल आणि पुरावा दडवल्याबद्दल अमरेशवर गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. केरबाला सोडलं. खोट्या जबाबाबद्दल संयोगितानं त्याला तासभर झापलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि उठताना म्हणाला, "त्याला फाउंड्रीत परत घ्या म्हनावं आप्पास्नी." पण अमरेश परत गेला नाही. कामगारांनी खोक्याला हात लावायचं नाकारलं, आणि यंत्र निर्दोष होतं हे कितीही सांगितलं तरी त्यांच्यात काही फरक पडला नाही.

संयोगिता हंबीररावांच्या घरी गेली. असलं सांगायला हवालदार पाठवता येत नाही. सोप्यात बायका बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या. हंबीररावांची बायको झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. तिनं सगळं ऐकून घेतलं. क्रेन, नियम, बटण, पाणी. मधे काही विचारलं नाही.

मग म्हणाली, "मला यातलं काय कळत न्हाय, बाई. एकच सांगा. त्या पोरानं त्ये बटन दाबलं नसतं, तर मालक घरी आलं असतं?"

संयोगितानं वाटेत जीपमध्ये या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. कदाचित. बहुतेक. सांगता येत नाही.

"व्हय," ती म्हणाली.

झुंबरबाईनं डोळे मिटले. आतल्या खोलीत कुणाचं तरी तान्हं रडत होतं, त्याला कुणी थोपटत होतं. मग तिनं विचारलं, "त्या पोराला ह्ये ठाव हाय?"

"आहे. पाण्याची चाचणी त्याच्या डोळ्यांसमोरच झाली."

"आई हाय त्याला?"

"आहे. गडहिंग्लजला असते. बसव्वा नाव."

"जामिनावर सुटून कुठं गेलाय त्यो? आईकडं?"

संयोगिताला ठाऊक नव्हतं. गुरुपाद आप्पांनी शहरातल्या खोलीवर सोडला, एवढं कानावर आलं होतं.

झुंबरबाई भिंतीचा आधार सोडून पुढं झुकली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात घाई होती.

"मग त्या बसव्वाला आनून सोडा त्याच्यापाशी. आजच. तिला म्हनावं, पोराला एकटं सोडू नगंस."

संयोगिता उठली. बाहेर गुंडू जीपला टेकून उभा होता. चौकीकडे का, त्यानं विचारलं.

"आधी त्याच्या खोलीवर," ती म्हणाली. "मग गडहिंग्लज. जोरात घे."